यंत्र उत्तीर्ण, कान गैरहजर

आठ तासांत सर्वाधिक लोकांना श्रवणयंत्रं बसवण्याचा गिनीज विक्रम आपल्या देशाने करून दाखवलेला आहे. केंद्राच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने तो आपल्या कामगिरीच्या यादीत अभिमानाने मिरवलाही. ऐकायला छान वाटतं. म्हणजे, ज्यांना ऐकू येतं त्यांना.

विक्रमाचं घड्याळ आठ तासांनी थांबतं. कानाचं काम तिथून सुरू होतं. आठव्या आठवड्यात त्यातली किती यंत्रं कानांवर होती आणि किती रुमालात गुंडाळून कपाटात गेली होती, हा आकडा मात्र कुठल्या फलकावर झळकला नाही. गिनीजवाल्यांना तो नकोच असतो. सरकारला हवा असायला हरकत नव्हती.

कानाचं मशीन नीट बसवायचं म्हणजे काय काय करावं लागतं, ते जरा बघा. आधी कानात डोकावून मळ आहे का ते पाहायचं. मग ध्वनिरोधक खोलीत ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, आणि तिचा आलेख म्हणजे ऑडिओग्राम. मग कानाचा साचा. मशीन संगणकाला जोडून त्या माणसाच्या ऑडिओग्रामप्रमाणे प्रोग्राम करायचं. कानात बारीक नळी सरकवून पडद्याजवळ खरोखर किती आवाज पोहोचतोय ते मोजायचं. शेवटी सत्तरीतल्या माणसाला थरथरत्या बोटांनी नखाएवढा सेल बदलायला शिकवायचं. यातली शेवटची पायरी एकटीच अर्धा तास खाते.

शिबिरात मात्र मंडप असतो, घरघरणारे पंखे असतात आणि स्पीकर असतो. ‘मान्यवरांचं थोड्याच वेळात आगमन होत आहे, सर्वांनी जागेवर बसून घ्यावं.’ ऐकण्याची चाचणी भर गोंगाटात घ्यायची आणि भाषण मात्र शांतता राखून ऐकायचं, हा आपला शिरस्ता. भाषणाचं अक्षरही ज्यांना कळलेलं नसतं, ते सर्वांत मनापासून टाळ्या वाजवतात. इतका निरपेक्ष श्रोता दुसरीकडे कुठे मिळणार?

डब्यातला कान

मूल्यमापन होतच नाही असं म्हटलं तर अन्याय होईल. यंत्राचं मूल्यमापन होतं आणि कडक होतं. त्यासाठी आयईसी ६०११८ नावाची आंतरराष्ट्रीय मानकांची मालिका आहे. यंत्र एका आवाजबंद डब्यात ठेवतात, त्याचं तोंड दोन घनसेंटिमीटरच्या पोकळीला जोडतात आणि तपासतात : आवाज किती वाढतो, नव्वद डेसिबल आत सोडले तर जास्तीत जास्त किती बाहेर पडतात, सूर किती फाटतो, यंत्राची स्वतःची खरखर किती, बॅटरी किती खाते. चाचणी चांगलीच आहे. ती नसती तर खेळण्यातले भोंगेही सरकारी यादीत शिरले असते.

पण ही धातूची पोकळी म्हणजे आदर्श ज्येष्ठ नागरिक. तिच्यात मळ साचत नाही. तिला घाम येत नाही. ‘शिट्टी वाजते हो’ अशी तक्रार ती करत नाही. सून स्वयंपाकघरातून बोलतेय, मिक्सर चालू आहे आणि टीव्हीवर चार जण एकदम भांडताहेत, यातून सुनेचा तेवढा आवाज वेगळा काढायचं काम तिला कुणी सांगत नाही. डब्यातल्या कानाला नेहमी स्पष्ट ऐकू येतं. अडचण इतकीच, की डब्यातला कान मतदार नाही आणि रुग्णही नाही.

डब्यात पास झालेलं यंत्र मग निविदेत जातं. तिथे ‘एल-वन’ ही देवता विराजमान असते : सर्वांत कमी भावाची बोली. कमी भावाबद्दल माझी तक्रार नाही, पुढे कळेलच. तक्रार आहे ती भाव कशाचा धरला याची. यंत्राचा भाव धरतात. ते बसवणाऱ्या ऑडिऑलॉजिस्टचा, साच्याचा, तीन महिन्यांनी होणाऱ्या फेरतपासणीचा भाव धरायचा कुणी? तो रकाना कोरा. आणि कोरा रकाना नेहमीच सर्वांत स्वस्त असतो.

सहा, दहा, चहा

वयाबरोबर येणारं बहिरेपण बहुतेकदा वरच्या पट्टीतून सुरू होतं. स, श, च, त, क अशा व्यंजनांचा जीव त्या वरच्या पट्टीत. स्वर खालच्या पट्टीत, ते शाबूत राहतात. त्यामुळे म्हाताऱ्या माणसाला आवाज येतो, शब्द येत नाही. ‘अहो, सहा वाजले’, ‘अहो, दहा वाजले’, ‘अहो, चहा झाला’ या तिन्हींचं कानात एकच होतं. मग आजोबा बेताने हसतात, मान डोलावतात आणि घरातले म्हणतात, ‘यांना हवं तेवढं बरोबर ऐकू येतं.’

अशा माणसाला सगळाच आवाज मोठा करून दिला तर काय होतं? जे आधीच ऐकू येत होतं ते ठणाणा करायला लागतं : भांडी, पंखा, रिक्षा. जे येत नव्हतं ते त्याखाली पुन्हा दबतं. म्हणून वरच्या पट्टीला जास्त, खालच्या पट्टीला कमी, हळू आवाजाला जास्त, मोठ्या आवाजाला कमी, असं मोजूनमापून द्यावं लागतं. त्याची गणितं तयार आहेत. ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल अकूस्टिक लॅबोरेटरीजचं ‘एनएएल’ सूत्र जगभर वापरतात. डिजिटल यंत्राचा खरा फायदा तोच आहे. ते एकेका कानापुरतं जुळवता येतं. न जुळवता वाटलेलं डिजिटल यंत्र आधुनिक ठरतं ते फक्त बातमीत.

आणि जुळवलं तरी काम संपत नाही. चष्मा नाकावर ठेवला की समोरची पाटी वाचता येते. मशीन कानावर ठेवलं की आधी फक्त गोंधळ ऐकू येतो. कित्येक वर्षं शांत पडलेल्या मेंदूला भांड्यांचा आवाज कुठला आणि नातीचा कुठला, हे पुन्हा लावून घ्यायला काही आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात सोबत कुणी नसेल, तर दुसऱ्या आठवड्यात मशीन कपाटात जातं. लाभार्थी यादीत नाव मात्र कायम राहतं.

साठ डेसिबलचा उंबरठा

आता कायद्याचा कान तपासू. दिव्यांग हक्क कायदा, २०१६. त्यानुसार दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीत सत्तर डेसिबलचा ऱ्हास असेल तर माणूस ‘कर्णबधिर’, साठ ते सत्तरच्या मध्ये असेल तर ‘ऐकू कमी येणारा’. एकोणसाठ असेल तर? तर तुम्ही बायकोकडे मुद्दाम दुर्लक्ष करता.

समोरासमोर आपण बोलतो तो आवाज साधारण साठ डेसिबलच्या घरातला. म्हणजे नेहमीचं बोलणं जवळपास पुसलं गेलं, की कायदा खांद्यावर हात ठेवून विचारतो, ‘कमी ऐकू येतं वाटतं?’ जागतिक आरोग्य संघटना हाच प्रश्न बऱ्या कानात पस्तीस डेसिबलच्या वर ऱ्हास गेला की विचारते. पस्तीस आणि साठ यांच्या मधल्या पट्ट्यात आपले असंख्य निवृत्त शिक्षक, गिरणी कामगार, भजनी मंडळाचे बुवा आणि घराघरांतल्या आज्या बसलेल्या आहेत. दिव्यांगत्वाच्या चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र त्यांना मिळत नाही, आणि प्रमाणपत्र नाही तर दिव्यांगांना सहाय्यक साधनं देणाऱ्या, १९८१ पासून चालत आलेल्या केंद्राच्या ‘एडिप’ योजनेचं दारही उघडत नाही.

गंमत अशी, की यंत्राचा सर्वांत चांगला उपयोग याच लोकांना होतो. सौम्य ते मध्यम बहिरेपणात यंत्राने ऐकणं आणि जगणं दोन्ही सुधारतं, असा निष्कर्ष २०१७ च्या कॉक्रेन समीक्षेने नियंत्रित चाचण्या तपासून काढला. म्हणजे ज्यांना औषध लागू पडतं त्यांना आपण सांगतो, ‘आजार वाढवून या.’

राष्ट्रीय बधिरता प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रमाच्या कागदपत्रांत जागतिक आरोग्य संघटनेचा हवाला देऊन भारतात ६.३ कोटी लोकांना लक्षणीय श्रवणदोष असल्याचा अंदाज दिलेला आहे. हा कार्यक्रम २००७ मध्ये २५ जिल्ह्यांत प्रायोगिक म्हणून सुरू झाला. त्याच्या नावात ‘प्रतिबंध’ पहिला येतो. दरम्यान ध्वनिप्रदूषण नियमांतली, वर्षाला पंधरा दिवसांपर्यंत रात्री बारापर्यंत भोंग्यांना परवानगी देण्याची मुभा सरकारांनी मनापासून पाळलेली आहे. एका खात्याने डीजेला वेळ वाढवून द्यायची, दुसऱ्या खात्याने कानाला मशीन द्यायचं. याला आंतरविभागीय समन्वय म्हणतात.

विलायती हिशेब

‘तिकडे बघा’ म्हणायची मला हौस नाही, पण तिकडे हा धडा कुणीतरी आधी गिरवलेला आहे, तर तो न बघणं हा निव्वळ आळस.

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे तिथली राष्ट्रीय आरोग्यसेवा, सुरू झाली आणि तिच्याबरोबर ‘मेडरेस्को’ नावाचं सरकारी यंत्र मोफत मिळू लागलं. मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या समितीने आखलेलं, म्हणून ते नाव. अंगावर वागवायचं, व्हॉल्व्हवर चालणारं बोजड धूड. पण मोफत, आणि बॅटऱ्यांसकट. पुढे अर्धशतक उलटलं, बाजारात डिजिटल यंत्रं आली, आणि सरकारी दवाखान्यात ॲनालॉगच चाललेलं होतं. ओळखीचं वाटतंय ना?

मग २००० मध्ये त्यांनी इंग्लंडमधल्या वीस ठिकाणी आधुनिकीकरणाचा प्रयोग केला. नुसती नवी यंत्रं वाटली नाहीत. संगणक दिले, कानात नळी घालून मोजायची उपकरणं दिली, कर्मचाऱ्यांना शिकवलं, रुग्णांना फेरतपासणीला बोलावलं. आणि त्यांना विचारलं. ग्लासगोच्या स्टुअर्ट गेटहाऊस यांची एक छोटी प्रश्नावली आहे, तिच्यात चार प्रसंग आहेत : घरच्यांना सोसेल इतक्या आवाजात त्यांच्यासोबत टीव्ही बघणं, शांत जागी एका माणसाशी बोलणं, गजबजलेल्या रस्त्यावर किंवा दुकानात बोलणं, चारचौघांच्या गप्पांत असणं. प्रत्येक प्रसंगात विचारायचं : अडचण किती? यंत्र लावता का? उपयोग होतो का? समाधान आहे का? मेडिकल रिसर्च कौन्सिलच्या श्रवणसंशोधन संस्थेने प्रयोगाचा हिशेब मांडला आणि २००५ पर्यंत ही सेवा इंग्लंडभर पोहोचली.

आता एल-वनच्या भक्तांनी पुढचं वाक्य दोनदा वाचावं. खासगी दुकानांत हजार-दोन हजार पौंडांना जाणारी डिजिटल यंत्रं एनएचएसने घाऊक खरेदी करून शंभर पौंडांच्या आत आणली. म्हणजे स्वस्त यंत्र मिळतं, भरपूर स्वस्त मिळतं. पण वाचलेले पैसे बसवणाऱ्या माणसावर खर्च करावे लागतात. आपण यंत्रावर वाचवतो आणि वाचवलेलं मंडपावर घालतो.

पुढे २०१८ मध्ये ‘नाइस’ने, म्हणजे तिथे कोणती उपचारपद्धती सरकारी पैशाने द्यावी हे सांगणाऱ्या संस्थेने, प्रौढांच्या बहिरेपणावर मार्गदर्शिका काढली. तिच्यात डेसिबलचा उंबरठा नाही. प्रश्न साधा आहे : कमी ऐकू आल्यामुळे या माणसाचं बोलणं-चालणं अडतंय का? अडत असेल तर यंत्र द्या. दोन्ही कानांना गरज असेल तर दोन द्या. आणि सहा ते बारा आठवड्यांत समोर बसवून फेरतपासणी करा.

तिथे रामराज्य आहे असं नाही. २०१५ मध्ये नॉर्थ स्टॅफर्डशायरच्या आरोग्य मंडळाने पैसे वाचवायला सौम्य बहिरेपण असलेल्यांची यंत्रं बंद केली होतीच. फरक इतकाच, की त्यावर तिथे देशभर बोंब झाली. आपल्याकडे जे कधी सुरूच झालं नाही, ते बंद पडल्याची बोंब कोण मारणार?

चॅनलांचा बाजार

सरकारवर टीका करून खासगी दुकानात जावं, तर तिथे वेगळं कीर्तन. ‘काका, हे आठ चॅनलचं, हे सोळाचं, आणि हे बघा, यात एआय आहे.’ काकांना शेजारची खुर्ची ओढल्याचा आवाज येत नाही, पण किमतीचा आकडा अचूक ऐकू येतो. काही हजारांपासून काही लाखांपर्यंत. जितके चॅनल, तितकं मुलाचं आई-बापावर प्रेम, असा तिथला हिशेब.

अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठात रॉबिन कॉक्स आणि सहकाऱ्यांनी या हिशेबाची परीक्षा घेतली. सौम्य ते मध्यम बहिरेपण असलेल्या ज्येष्ठांना नामांकित कंपन्यांची महागडी आणि साधी, दोन्ही प्रकारची यंत्रं आळीपाळीने महिना-महिना वापरायला दिली. कुठलं महाग आणि कुठलं साधं, ते सांगितलं नाही. सगळी यंत्रं नीट जुळवून दिलेली. निकाल : दोन्हींनी फायदा झाला आणि रोजच्या जगण्यात महागड्याने साध्यापेक्षा ठळक असं जास्त काही दिलं नाही.

याचा अर्थ ‘वाटेल ते स्वस्त यंत्र चालेल’ असा काढू नका. साधं म्हणजे चांगल्या बनावटीचं, प्रोग्राम करता येणारं, शिट्टी आवरणारं साधं. ऑनलाइन मिळणारा आवाज मोठा करणारा डबा नव्हे. पण सरकारी खरेदीसाठी याहून मोठी खुशखबर नाही. ‘आधुनिक’ म्हणजे सर्वांत महाग असं नाही. आधुनिक म्हणजे नीट जुळवलेलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांसाठी यंत्रात काय असावं याचा आराखडाही काढून ठेवलाय. निविदा लिहिणाऱ्या बाबूने तो उघडला तरी ‘ब्लूटूथ असावे’ या ओळीवरची शाई वाचेल.

बाजाराचं दुसरं हत्यार म्हणजे भीती. ‘मशीन लावलं नाहीत तर स्मृतिभ्रंश होईल.’ अमेरिकेत सत्तर ते चौऱ्याऐंशी वयाच्या सुमारे हजार लोकांवर ‘अचीव्ह’ नावाची चाचणी झाली, निकाल २०२३ मध्ये आले. सगळे मिळून पाहिलं तर तीन वर्षांत बुद्धीच्या घसरणीत ठळक फरक दिसला नाही. ज्यांना आधीच धोका जास्त होता त्या गटात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी कमी झाली. विक्रेत्याने दुसरं वाक्य सांगितलं आणि पहिलं गाळलं तर त्याच्याही कानाची तपासणी करून घ्यावी.

पेन्सिल सेलची आठवण

जुनं सरकारी मशीन खिशात ठेवायचं असे. छातीवर डबी, तिथून कानापर्यंत वायर. दिसायला ओंगळ, खिशाला घासून खरखर करणारं. त्याच्यात एक गुण होता : पेन्सिल सेल. पानपट्टीवर मिळायचा.

नवं मशीन कानामागे बसतं, दिसत नाही, काम शंभरपट चांगलं. त्याला लागतो झिंक-एअरचा बटण सेल, बहुधा तेरा नंबरचा, नारिंगी कागद चिकटवलेला. कागद काढला की हवा आत जाते आणि सेल चालू. मग मशीन बंद ठेवलं, कागद परत चिकटवला, तरी गेलेला जीव परत येत नाही. आठवडा-दोन आठवडे चालतो. कानामागचं मशीन आजीला फुकट मिळालं, पण सेल गावात नाही, तालुक्याला असेल तर असेल. नात शहरातून सहाचं पाकीट आणेल तेव्हा आजी ऐकेल. चार्जिंगचं मशीन दिलं तर प्रश्न सुटतो म्हणावं, तर वीज कधी जाते ते महावितरणलाच ठाऊक. कोकणात जूनपासून दमटपणा असा, की कपाटातले कपडेही ओले लागतात. मशीन रात्री कोरड्या डबीत, सिलिका जेलसोबत ठेवायचं असतं. ती डबी किटमध्ये असते का? असली तर ती कशासाठी, हे कुणी सांगतं का?

ब्रिटनमध्ये एनएचएसच्या यंत्रांचे सेल आणि दुरुस्ती मोफत असते. आपल्याकडे यंत्र मोफत आणि ऐकणं स्वखर्चाने.

तीन हजारांत ऐका

महाराष्ट्राने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. पासष्टीच्या पुढच्या, मर्यादित उत्पन्नाच्या नागरिकांच्या खात्यात एकरकमी तीन हजार रुपये. त्यातून काय घ्यायचं? चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर, वॉकर, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा, कमरेचा पट्टा, मानेची कॉलर. यादी वाचून वाटतं, सरकारने म्हातारपणाचा पूर्ण अभ्यास केलाय. रक्कम वाचून वाटतं, त्या अभ्यासात बाजारभाव ऐच्छिक विषय होता.

तीन हजारांत काठी येते. चष्माही येतो. श्रवणयंत्राच्या नावाखाली येतो तो मघाचा, आवाज मोठा करणारा डबा : तपासणी नाही, साचा नाही, प्रोग्राम नाही. तो कानात घालून आजोबांना पहिला फोडणीचा आवाज ऐकू येतो, दुसरा शिट्टीचा, आणि तिसऱ्या दिवशी ते ठरवतात की हे शास्त्रच खोटं. पुढे कुणी चांगलं मशीन देऊ केलं तरी म्हणतात, ‘नको बाबा, ते वापरून झालं.’ तीन हजारांनी नुसतं यंत्र वाया गेलं नाही, उमेदही वाया गेली. तिचा रकाना कुठल्याच लेखापरीक्षणात नसतो.

तज्ज्ञ नाहीत, ही सबब चालायची नाही. वांद्र्याला रेक्लमेशनवर अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. मुंबईच्या नायर रुग्णालयात ऑडिऑलॉजीचं शिक्षण साठच्या दशकापासून चालतं. दिव्यांग कल्याणासाठी स्वतंत्र विभागही आपण काढला, डिसेंबर २०२२ मध्ये. संस्था आहेत, पदव्या आहेत, विभाग आहे. शिकून बाहेर पडलेली मुलं कंत्राटी पदांच्या जाहिराती चाळत बसतात, आणि साच्याचं काम मंडपातला स्वयंसेवक करतो.

मशीनलाच विचारा

या सगळ्यातली सर्वांत खट्याळ गोष्ट शेवटी सांगतो. बऱ्याच डिजिटल यंत्रांत वापराची नोंद आपोआप होते. रोज सरासरी किती तास कानावर होतं, गोंगाटात किती, शांततेत किती. मशीन संगणकाला जोडलं की दोन मिनिटांत ताळा बाहेर. म्हणजे योजना चालली की फसली, याचा पुरावा लाभार्थी स्वतःच्या कानामागे घेऊन फिरतोय. त्यासाठी समिती नको, सल्लागार नको, अभ्यासदौरा नको. फक्त त्या माणसाला पुन्हा एकदा बोलवायला हवं. आपली यंत्रणा नेमकं तेवढंच विसरते.

म्हणून सार्वजनिक आरोग्यसेवेत श्रवणयंत्राचं मूल्यमापन कसं करावं, याचा एक पानी नमुना देतो. मोफत आहे, निविदा काढायची गरज नाही.

एक : यंत्राची डब्यातली चाचणी ठेवा, पण ती पहिली पायरी म्हणून.

दोन : निविदेत यंत्राचा भाव नको, तीन वर्षं ऐकण्याचा भाव मागा. साचा, जुळवणी, दोन फेरतपासण्या, सेल आणि दुरुस्ती धरून. मग खुशाल एल-वन निवडा.

तीन : तिसऱ्या महिन्यात यंत्रातली नोंद वाचा. रोजचे तास शून्याच्या आसपास असतील तर ते यंत्र ‘वाटप’ या रकान्यातून वजा करा.

चार : लाभार्थ्याला चार प्रश्न विचारा. घरच्यांबरोबर टीव्ही जमतो का? एसटी स्टँडवरची घोषणा कळते का? बँकेच्या खिडकीपलीकडचा माणूस काय म्हणतो ते समजतं का? लग्नाच्या पंगतीत शेजारच्याशी गप्पा होतात का? चारपैकी दोन उत्तरं ‘हो’ आली तर योजना पास. मराठी माणूस बँकेच्या खिडकीशी ऐकायला लागला तर तिला विशेष प्रावीण्य द्या.

पाच : ठेकेदाराच्या बिलाचा शेवटचा हप्ता तिसऱ्या महिन्याच्या त्या नोंदीवर अवलंबून ठेवा. मग बघा, आजींना फोन करून ‘मशीन लावलंत का?’ विचारायला कंपनीचा माणूस स्वतः येईल. सेलसुद्धा घेऊन येईल.

यातलं काहीच अवघड नाही. अवघड एवढंच, की यानंतर ‘इतकी यंत्रं वाटली’ असं छापता येणार नाही, ‘इतकी माणसं ऐकू लागली’ असं छापावं लागेल, आणि हा आकडा पहिल्यापेक्षा नेहमी लहान निघेल. लहान आकडा छापायचं धाडस ज्या खात्यात आहे, त्याच खात्याने मूल्यमापनाबद्दल बोलावं.

तोवर वाचकहो, काम तुमच्याकडे. घरात किंवा शेजारी कुणाचं सरकारी मशीन कपाटात पडलेलं असेल तर ते काढा आणि त्यांना मशीनसकट जिल्हा रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात घेऊन जा. मशीन बिघडलं आहे, की नुसतं जुळवलेलं नाही, की नळीत मळ अडकलाय, ते विचारा. आणि दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकारात एक अर्ज टाका : आपल्या जिल्ह्यात गेल्या तीन वर्षांत किती श्रवणयंत्रं वाटली, त्यातल्या किती लाभार्थ्यांची फेरतपासणी झाली आणि आज त्यातली किती यंत्रं वापरात आहेत? पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुम्हाला तीस दिवसांत मिळेल. उरलेल्या दोन प्रश्नांसाठी अपील करायची तयारी ठेवा, आणि करा.